व्यायामाशी सूत कसं जमलं तुमचं? (सोलापूरकरांनी जरूर लिहा)

नावे_जमा | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

शाळेत उशीर झाला की आमच्या पीटीच्या बाई मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायच्या. गृहपाठ राहिला तर कान धरून वीस उठाबशा. त्याच उठाबशा चाळिशी उलटल्यावर मी जिममध्ये पैसे भरून काढायला गेले. तिथे त्यांचं नाव स्क्वाट. पण दहावी उठाबशी आली की मनात तेच यायचं, आज आपलं काय चुकलं?

मी पतसंस्थेत हिशेब बघते. त्यामुळे वही आलीच. एका बाजूला काय खाल्लं, दुसऱ्या बाजूला किती मिनिटं चालले. संक्रांतीला दोन गुळपोळ्या नावे पडल्या की आठवडाभर जमा करत बसायचं. शिल्लक कायम उणे. जिममध्ये शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न आला, "मॅडम, किती किलो कमी करायचंय?" नाव नंतर विचारलं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट होती म्हणून भरले. गेले १९ दिवस. वहीत नोंद आहे.

आणि मग यंदा गणपतीत गंमत झाली. माझ्या जाऊबाईंचं महिलांचं लेझीम पथक आहे. एक मुलगी ऐनवेळी गळाली, रांगेत जागा मोकळी दिसायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, "तू नुसती उभी राहा गं." नुसतं कोण उभं राहू देतंय! रात्री साडेआठला शाळेच्या मैदानावर सराव. हलगी सुरू झाली की खाली वाकून लेझीम गुडघ्यापाशी, मग वर, मग अर्धी गिरकी. माझी गिरकी हमखास उलट्या बाजूला, की शेजारणीच्या तोंडासमोर माझं तोंड. ती खुदकन हसायची आणि तिचंही चुकायचं. पहिल्या रात्रीनंतर दोन दिवस ऑफिसचा जिना कठड्याला धरून चढले-उतरले. तरी तिसऱ्या दिवशी साडेआठला मी मैदानावर हजर. सहा आठवड्यांत एकही खाडा नाही. तिथे कुणी वजन विचारलं नाही. घरी निघताना एवढंच विचारायचे, "उद्या येणार ना?"

विसर्जन झालं. लेझिमी पोत्यात गेल्या, पोतं मंडळाच्या खोलीत. तीन आठवडे झाले, मी पुन्हा होती तिथेच. दोनदा कंबर तलावावर चालायला गेले आणि दोन्ही वेळा अर्धा वेळ घड्याळ बघत होते.

म्हणून विचारतेय. गणपती वर्षातून एकदाच येतो. बाकीच्या साडेदहा महिन्यांचं काय करायचं? तुमचं सूत कसं जमलं? "रोज एक तास करा, फरक पडेल" हे सोडून काहीही सांगा.

---

पहाट_पाच | सोमवार, सकाळी ६.५८

ताई, आवडनिवड काही नसते. सवय असते. मी २२ वर्षं पाचला उठून कंबर तलावावर जातो. संभाजी तलाव म्हणा हवं तर, आमच्या तोंडी कंबर तलावच. मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो तेव्हासुद्धा जातो. मनाला विचारत बसलं की मन नाहीच म्हणतं. बूट घालायचे आणि निघायचं. पुढचं पाय बघतात.

आजकाल सगळ्यालाच मजा यायला हवी असते. दात घासताना येते का मजा?

---

पुणेकर_नाइलाजाने | सोमवार, सकाळी ९.१५

काका, दात घासायला दोन मिनिटं लागतात. त्यातसुद्धा मला पेपरमिंटची पेस्ट लागते.

माझं म्हणाल तर पुण्यात दोन जिम बदलली, सूत कुठेच जमलं नाही. सोलापूरला आलो की मात्र मित्र म्हणतो "चल बे", आणि दोघं सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत, तिथून सिद्धेश्वर तलावाच्या कडेने बोलत बोलत दोन तास हिंडतो. शेवटी काहीतरी खातो, ते इथे लिहीत नाही, नावे पडेल.

---

नावे_जमा | सोमवार, दुपारी १.४०

@पुणेकर, लिहा हो. वही बंद केलीये मी. (फेकलेली नाही. बंद केलीये.)

@पहाट_पाच काका, तुमचं खोटं नाही. पण २२ वर्षं एकटेच जाताय का?

---

सासूबाईंची_सून | सोमवार, दुपारी ३.०५

धागा आवडला. आता माझं रडगाणं.

आमच्या भागात चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. पाण्याच्या दिवशी मी खालच्या हौदातून दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवते. त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा शीण. उरलेल्या दिवसांत सकाळी दोन डबे, मुलाची रिक्षा, सासूबाईंच्या गोळ्या. संध्याकाळी एकटी चालायला निघाले की मोटारसायकलवरची पोरं शेजारी येऊन वेग कमी करतात. काही करत नाहीत, नुसता वेग कमी करतात. तेवढ्याने सगळी मजा जाते.

म्हणून मी गच्चीवर चालते. २२ पावलं इकडे, २२ पावलं तिकडे. शेजारच्या काकू विचारतात, "काय हरवलं का गं?"

---

सांधेजोड | सोमवार, रात्री ९.५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जुळे सोलापुरात दवाखाना. राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय.

सूनबाई, सगळ्यात आधी तुमच्या बादल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. मोठ्या माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचे, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. आधीच्या, २०१०च्या तत्त्वांत एक अट होती, की सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची. ती अट २०२०मध्ये काढून टाकली. म्हणजे जिना चढलात ते धरायचं, बस पकडायला पळालात ते धरायचं. दुसऱ्या मजल्यावर बादल्या नेता, त्याला आमच्याकडे लोक पैसे देतात. फक्त एका हातात एक नेऊ नका, दोन्ही हातांत अर्ध्या-अर्ध्या न्या, आणि उचलताना पाठीतून वाकू नका, गुडघ्यांतून बसा. (हीच ती उठाबशी!)

आता दहा हजार पावलांबद्दल. दवाखान्यात रोज कुणीतरी घड्याळ पुढे करून म्हणतं, "डॉक्टर, आठ हजारच झाली." हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधून काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातीसाठी घेतलेला ठोकळ आकडा. त्याहून कमी चाललं तरी फायदा होतो, आणि जो अजिबात चालत नाही त्याला पहिल्या दोन-तीन हजारांतच मोठा फरक पडतो. आपल्याकडे जेवणानंतर शतपावली सांगितलेली आहेच. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, मधुमेहवाल्यांनी तर सोडूच नये.

श्रम मध्यम आहेत हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

@नावे_जमा, तुमची जिना धरून उतरण्याची गोष्ट. लोक म्हणतात लॅक्टिक आम्ल साचलं. ते तासाभरात निघून जातं. नव्या हालचालीने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिचं हे दुखणं, आणि ते एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. दुखलं म्हणजे छान व्यायाम झाला, असं नाही. जिममध्ये पहिल्याच दिवशी तुमच्याकडून शंभर स्क्वाट काढून घेतात आणि तुम्ही चौथ्या दिवशी गायब होता. लेझीम पथकात मात्र चुकलं की थांबतात, हसतात, पाणी पितात, पुन्हा सुरू करतात. तेवढी उसंत स्नायूला पुरते. मी पेशंटला एकच सांगते. दोन घास कमी खाऊन उठावं म्हणतात ना, तसं अजून थोडं करावंसं वाटतंय तिथे थांबा. पहिला महिना तरी.

---

पहाट_पाच | मंगळवार, सकाळी ७.१०

डॉक्टर, मी चालताना हरिपाठ म्हणतो. अख्खा. म्हणजे मी हळू चालतो?

---

सांधेजोड | मंगळवार, सकाळी ८.२०

काका, सुरात म्हणता का पुटपुटता?

---

पहाट_पाच | मंगळवार, सकाळी ८.२६

सुरात.

---

सांधेजोड | मंगळवार, सकाळी ८.३१

मग हळू चालता.

---

चार_माग | मंगळवार, रात्री ११.५५

सगळं वाचलो. रागवू नका, पण तुमचं हे पोट भरल्यावरचं बोलणं हाय.

मी पूर्व भागात राहतो. टॉवेलच्या कारखान्यात चार माग बघतो, बारा तासाची पाळी. कांडी संपली की बदल, धागा तुटला की जोड, या मागावरून त्या मागावर. बसायला स्टूल हाय पण बसायला वेळ नाय. घड्याळ बांधलो तर वीस हजार पावलं दाखवंल. रात्री पाय लाकूड होतेत. बायको विड्या वळते, दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून. तिची मान बघा जरा. आम्हाला व्यायाम नको, विश्रांती पायजे.

---

सांधेजोड | बुधवार, दुपारी २.१५

दादा, रागवायचं कशाला, तुमचं खरंच आहे. कामावरचे कष्ट आणि व्यायाम एक नव्हे. कामात तेच सांधे, तीच हालचाल, बारा तास, आणि थांबायचं कधी ते तुमच्या हातात नाही. त्याने शरीर झिजतं, ताकद वाढतेच असं नाही. दिवसभर माग बघणाऱ्याला मी "चालायला जा" कधीच सांगत नाही. घरी गेल्यावर दहा मिनिटं भिंतीला पाय उंच टेकून पडा. पोटऱ्यांना ताण द्या, पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून.

वहिनींना सांगा, दर गठ्ठ्यामागे एकदा सूप बाजूला ठेवायचं, उठायचं, भिंतीला पाठ टेकून हनुवटी आत घ्यायची, दोन्ही हात भिंतीवरून वर सरकवायचे. दहा वेळा. वाकून बसणाऱ्याचं शरीर उलट्या बाजूला न्यायचं, एवढंच. हातापायाला मुंग्या येत असतील तर मात्र दाखवून घ्या.

---

चार_माग | बुधवार, रात्री ११.४०

बरं सांगितलात. मॅडम, पायरीचं करून बघितलो, चांगलं वाटलं.

आणि एक खरं सांगतो. रविवारी माग बंद असतेत. तेव्हा आमच्या गल्लीत रात्री व्हॉलीबॉल असतंय. जाळी विकत घेतली नाय, मागावरच्या वेस्ट सुताची दोरी वळून आम्हीच बांधलो. ट्यूबलाइट एकीकडंच हाय, तिकडची टीम कायम जिंकती, म्हणून दर गेमला बाजू बदलायची. आठवडाभर पाय दुखतेत आणि रविवारी रात्री उडी मारताना दुखत नाय. का ते तुम्हीच सांगा.

---

पुणेकर_नाइलाजाने | गुरुवार, रात्री १२.०२

धाग्याचं नाव काय आणि दादांनी दोरी कशाची वळली बघा. याला म्हणतात सूत जमणं. पुढच्या वेळी येतो तेव्हा मला घ्या खेळायला. अंधाऱ्या बाजूला चालेल.

---

काटेकोर | गुरुवार, रात्री १.२०

हे लिहायला नवीन आयडी घेतलाय. वय २३.

सगळे व्यायाम होत नाही म्हणून लिहिताय. माझं उलटं झालं. कॉलेजात असताना सुरू केला, चार किलो कमी झाले, सगळे म्हणाले किती छान दिसतेस. मग थांबता येईना. घड्याळातलं दिवसभराच्या हालचालीचं वर्तुळ रोज पूर्ण व्हायलाच पाहिजे. मावसबहिणीच्या लग्नात, हळदीच्या रात्री, सगळे झोपल्यावर मी मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये अर्धा तास जागच्या जागी उड्या मारल्या, कारण वर्तुळ थोडंसं उघडं राहिलं होतं. पाहुण्यांकडे गेलो तर जेवण टाळायचे. सात महिने पाळी आली नाही, ते आईला सांगितलं नाही. मग नडगीचं हाड चिरलं. न पडता, न आपटता. नुसतं धावून.

आता सहा महिने धावणं बंद आहे. घड्याळ आईच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. सगळे म्हणतात शिस्त चांगली. माझ्याकडे शिस्तच होती हो.

---

सांधेजोड | गुरुवार, सकाळी ७.४५

बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. शरीराला मिळणारं अन्न आणि होणारे श्रम यांचा मेळ बसत नाही तेव्हा शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडांचं नुकसान सुरू होतं. हा आजार आहे, तुझा हट्टीपणा नाही, आणि तो मुलग्यांनाही होतो. हाडावर उपचार झाले असतील, पण स्त्रीरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मनाच्या डॉक्टरांपैकी कुणाला दाखवायचं राहिलं असेल तर राहू देऊ नकोस. पाळी पूर्ववत झाल्याशिवाय धावायची घाई नको. आईला सात महिन्यांचं सांगितलंस का?

---

काटेकोर | गुरुवार, रात्री ८.१०

सांगितलं. रडली, मग ओरडली, मग दवाखान्यात घेऊन गेली. उपचार चालू आहेत, तिन्हीकडचे.

सध्या फक्त आजीबरोबर संध्याकाळी देवळापर्यंत जायची परवानगी आहे. घरापासून दहा मिनिटांचं अंतर, आम्हाला चाळीस लागतात. आजी तीन ठिकाणी बसते. एक किराणा दुकानाची पायरी, एक कडुलिंबाचा पार, आणि तिसरं तिच्या मैत्रिणीचं जोतं. तिथे दोघी कन्नडमध्ये कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलतात. सुरुवातीला माझा जीव जायचा, पाय आपोआप हलायचे. परवा पारावर बसले असताना लक्षात आलं की बराच वेळ पाय हललाच नाही.

---

नावे_जमा | गुरुवार, रात्री १०.३०

@काटेकोर, माझी वही आणि तुझं घड्याळ सख्ख्या बहिणी गं. मी आळशी म्हणून वाचले एवढंच. आजीला माझा नमस्कार सांग.

---

किल्लेदार_६८ | शुक्रवार, सकाळी १०.१२

तालमीचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहितो. आमचे आजोबा गिरणीत होते. भोंग्याआधी तालमीत जोर-बैठका काढून मग पाळीला. तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मऊ करायचे, त्या मातीचा वास अजून नाकात आहे. आजोबांनी 'फिटनेस' हा शब्द उभ्या आयुष्यात उच्चारला नाही. पण जोर किती काढले याची चढाओढ, वस्तादांची शिवी, आणि नंतर एकमेकांच्या पाठी रगडणं, यासाठी ते जात. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, ती गोष्ट आजोबा दरवर्षी नव्याने सांगायचे आणि दरवर्षी त्यातली लढत थोडी लांबायची.

माझा भाऊ सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाच्या सेवेत असतो. सात नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा. यात्रेच्या कित्येक आठवडे आधी रात्री सराव चालतो. उंच काठी पेलून तोल धरत चालायचं म्हणजे कंबर, पोट, मांड्या, सगळं आलं. त्याला कधी विचारलं, एवढा दम कुठून आणतोस? म्हणाला, "अंगात बाराबंदी असल्यावर दम लागत नाय." (बाराबंदी म्हणजे सेवेकऱ्यांचा पांढरा अंगरखा.) एरवी तो लिफ्टशिवाय पहिल्या मजल्यावर जात नाही.

---

चावडीकार (संचालक) | शुक्रवार, दुपारी १२.००

तालीम विरुद्ध जिम असा वाद सुरू झालेले आणि नंतर शेंगाचटणी कुठली चांगली इथवर पोचलेले अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. चटणीवाल्यांनी तिकडे भांडावे.

---

पहाट_पाच | शनिवार, सकाळी ७.३०

ताई, तुम्ही सोमवारी विचारलं होतं, एकटेच जाता का. तेव्हा उत्तर दिलं नाही.

आम्ही चौघं होतो. दोन फेऱ्या झाल्या की बाकावर बसायचो. त्यातला एक पेपर आणायचा आणि सगळ्यात आधी निधनवार्तांचं पान उघडायचा. "बघू, आज कोण सुटलं." रोजचा विनोद. गेल्या वर्षी थंडीत एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपर मी विकत घेतला. त्या पानावर त्याचाच फोटो.

त्यानंतर दोन महिने मी तलावावर गेलो नाही. पाचचा गजर व्हायचा, मी जागाच असायचो, पडून राहायचो. बूट घातले की पाय बघतात असं मी वर लिहिलंय. तेव्हा बूटच घातले नाहीत. मग उरलेले दोघे एका पहाटे लुना घेऊन आमच्या दारात आले आणि हॉर्न वाजवत राहिले. शेजारी उठले, शिव्या घातल्या, तेव्हा मी खाली आलो.

आता पेपर मी नेतो. ते पान शेवटी वाचतो.

---

सासूबाईंची_सून | शनिवार, सकाळी ११.२०

काका…

---

सासूबाईंची_सून | शनिवार, दुपारी ४.४५

वेगळा विषय. गच्चीवर हरवलंय का विचारणाऱ्या काकू कालपासून माझ्याबरोबर चालतात. गच्ची लहान, दोघी समोरासमोर आलो की एकीने टाकीकडे सरकायचं. काल मी २२ पावलं मोजायची विसरले, त्यांच्या जावयाचा किस्सा मधेच सोडवेना. आज म्हणाल्या, दोघी असू तर खाली रस्त्यावर जाऊ. बघू. वेग कमी करणाऱ्यांकडे बघायला त्यांच्या हातात छत्री आहे.

---

नावे_जमा | शनिवार, रात्री ९.००

मंडळी, एक शंका. कोजागरीला तुळजापूरला पायी जायचं आमच्या लेझीम पथकात ठरतंय. ४५ किलोमीटर. जाऊबाई म्हणतात, "जमतंय की." डॉक्टर, जमतंय का?

---

सांधेजोड | शनिवार, रात्री ९.४०

अख्खं? सवय नसताना? नाही. देवीला तुम्ही धडधाकट हव्या आहात. दरवर्षी कोजागरीनंतरचा आठवडा माझ्याकडे टाचा आणि गुडघ्यांची रांग असते. जायचंच असेल तर जिथे पाय "बास" म्हणतील तिथे थांबायचं आधी ठरवून निघा. नवीन चप्पल-बूट अजिबात नको, जुने आणि पायात मुरलेले. सुती नको, घाम टिपणारे मोजे. दर तासाला बसा. पाण्याबरोबर मीठ-साखर. आणि परतीच्या गाडीची सोय निघतानाच करून ठेवा.

---

नावे_जमा | पुढच्या शुक्रवारी, दुपारी ३.३०

जाऊन आलो. तुळजापूरला नाही, तामलवाडीपर्यंत.

रूपाभवानीचं दर्शन घेऊन रात्री साडेनऊला निघालो, आम्ही नऊजणी. रस्ताभर माणसंच माणसं. बायका, पोरं, खांद्यावर झोपलेली बाळं, एक आजोबा अनवाणी, एक मुलगा स्पीकर पाठीला बांधून. गाड्या बंद, त्यामुळे हायवेच्या मधोमध चालता येत होतं. हायवेच्या मधोमध चालायची मजा मी आधी कधी घेतली नव्हती. दर थोड्या अंतरावर कुणीतरी चहा, दूध, केळी हातात देत होतं, नाही म्हटलं तर रागवत होतं. पुढे हलगी वाजत होती तिथे आमच्यातल्या दोघींनी रिकाम्या हातांनी लेझमीचे हात केले आणि माझी गिरकी इथेही उलटीच झाली.

तामलवाडीला डाव्या पायाची करंगळी बोलायला लागली. मी बसले. चौघी पुढे गेल्या, चौघी माझ्याबरोबर थांबल्या, त्यातल्या दोघींना थांबायला निमित्तच हवं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वाहतूक वळवलेली, म्हणून दीर गाडी घेऊन आडवाटेने आला तेव्हा चार वाजले होते. तोवर चांदण्यात रस्त्याकडेला सतरंजीवर लोळत होतो. पुढे गेलेल्यांना पोचायला उजाडलं. जाऊबाईंचे दोन्ही अंगठे काळेनिळे आहेत आणि त्या कुणाला दाखवत नाहीयेत.

किती किलोमीटर झाले ते पाहिलं नाही. वही कुठाय ते मुलगी विचारत होती, तिला रफ वही हवी होती. मागची पानं कोरी आहेत, देऊन टाकली.

आता बाकीच्या महिन्यांचं. मंडळाच्या खोलीची किल्ली मिळवलीये. दर रविवारी पोतं उघडायचं, शाळेच्या मैदानावर तासभर, ज्यांना जमेल त्यांनी यायचं. हलगीवाला दर रविवारी मिळणार नाही, डबा वाजवू. @सासूबाईंची_सून, काकूंना घेऊन या, छत्रीसकट. @काटेकोर, तू आणि आजी नुसत्या बघायला या, कट्टा आहे बसायला.

---

चार_माग | शुक्रवार, रात्री ११.५०

डबा कशाला? आमच्या गल्लीत एक पोरगं हलगी शिकूलालंय, घरचे वैतागलेत. पाठवून देतो. बायकोपण येते म्हणाली, मान बरी हाय आता.

---

पहाट_पाच | शनिवार, सकाळी ६.४०

रविवारी किती वाजता?

---

नावे_जमा | शनिवार, सकाळी ८.५५

साडेसहा, काका.

---

पहाट_पाच | शनिवार, सकाळी ८.५७

उशीर होतो. ऊन येतं.

---

नावे_जमा | शनिवार, सकाळी ८.५८

काका!

---

पहाट_पाच | शनिवार, सकाळी ९.२०

बरं. आम्ही तिघं कट्ट्यावर बसू. पेपर आणतो.